भाऊजींचा गाल

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा ट्यूबवाला आहे. लग्न ठरलं तेव्हा आम्हाला सांगण्यात आलं होतं की मुलाचा रबराचा धंदा आहे. रबराचा धंदा म्हटल्यावर आईच्या डोळ्यांसमोर कारखाना उभा राहिला, त्याची चिमणी, भोंगा, गेटवरचा पहारेकरी. प्रत्यक्षात निघाला दहा बाय चौदाचा एक गाळा आणि त्यात भिंतीवरच्या खुंट्यांना लटकवलेल्या मोटारसायकलच्या ट्यूबा. त्याही चालू गाड्यांच्या नव्हेत. ज्यांच्या कंपन्या कधीच बुडाल्या आणि ज्यांचे मालक एक तर म्हातारे आहेत नाही तर हौशी, अशा जुन्या गाड्यांच्या. आई त्यानंतर वीस वर्षं जगली, पण जावई काय करतात असं कुणी विचारलं की ती "वाहन उद्योग" म्हणायची.

त्या वाहन उद्योगाचा डावा कोपरा गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. मी शिवणकाम करते, म्हणजे बहुतेक उसवणं आणि आत-बाहेर करणं. लोक जाड होतात, बारीक होतात, माझं बरं चालतं. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन आहे, माझ्या कमरेइतकं. पलीकडे भाऊजी शंखजिऱ्याची पूड उधळत बसतात, ट्यूब टायरला चिकटू नये म्हणून. ती पूड उडून माझ्या गिऱ्हाइकांच्या काळ्या पँटवर बसते. मी बोलते, ते ऐकत नाहीत, आणि ताई घरी दोघांचं ऐकून दोघांनाही जेवायला वाढते.

भाऊजींच्या दुकानात गिऱ्हाईक देव नसतं. गिऱ्हाईक आरोपी असतं. माणूस येतो, गाडीचं नाव सांगतो आणि म्हणतो, हिची ट्यूब द्या. भाऊजी म्हणतात, मला नाव नको, टायरवरचा आकडा सांगा. आकडा आणलेला नसतो. मग त्याला परत पाठवायचं. दुसऱ्या दिवशी तो आकडा घेऊन येतो, तर आता रिंग कुठली ते विचारायचं, कारण सत्तर वर्षांत त्या गाडीची रिंग किती जणांनी बदलली असेल ते देवालाच ठाऊक. तिसऱ्या दिवशी तो चाकच काढून आणतो. भाऊजी तेव्हा पहिल्यांदा हसतात. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं, असं मी एकदा म्हणाले. त्यावर ते म्हणाले की पहिल्या दिवशी सांगितलेलं कुणी मनावर घेत नाही.

एक निवृत्त मास्तर होते. त्यांच्या वडिलांच्या गाडीच्या टायरवर लिहिलं होतं, सव्वीस गुणिले तीन. मास्तरांनी सव्वीसची ट्यूब शोधत दोन शहरं पालथी घातली आणि शेवटी सायकलची ट्यूब घेऊन ते आमच्याकडे आले, कारण सव्वीसात तीच मिळाली. भाऊजींनी ती पार्टिशनवर ठेवली आणि मला विचारलं, तू गिऱ्हाइकाचं माप कोटावरून घेतेस की अंगावरून? मी म्हटलं, अंगावरून. मग ते मास्तरांकडे वळले. त्या काळी सव्वीस हे टायरचं बाहेरचं माप असायचं. वरची जाडी तीन आणि खालची तीन वजा केली की उरले वीस, आणि ट्यूब लागते ती विसाची. आयुष्यभर वजाबाकी शिकवलेले मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मला त्यांची दया आली आणि मी त्यांच्या कोटाचं बटण फुकट लावून दिलं.

ट्यूब बसवणं हा तर सोहळा. आधी रिंगवर रबरी पट्टी, म्हणजे चाकाच्या तारांची टोकं ट्यूबला टोचणार नाहीत. मग ट्यूबमध्ये दोन-चार फुंकरी हवा, नुसता आकार येण्यापुरती. टायर चढवायला सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून आणि शेवट व्हॉल्व्हपाशी, आणि लिव्हर मारताना घाई केली तर नवी ट्यूब तिथेच चिमटते. शेवटी व्हॉल्व्हचं नट. सगळं जग ते नट रिंगला घट्ट आवळतं. भाऊजी ते वर नेऊन टोपीला टेकवतात आणि खाली व्हॉल्व्ह मोकळा सोडतात. टायर रिंगवर सरकायला लागला तर व्हॉल्व्ह वाकडा होतो, दिसतो, आणि माणूस वेळीच थांबतो. आवळून ठेवला तर काही दिसत नाही, आणि ट्यूब मुळाशी फाटते ती भर रस्त्यात. हे ते प्रत्येकाला समजावतात. गिऱ्हाईक मान डोलावतं, घरी जातं, आणि "म्हातारा नट आवळायला विसरला वाटतं" म्हणून स्वतः आवळून टाकतं.

पण या सगळ्याच्या आधी एक काम. टायरमध्ये हात घालून आतून पूर्ण गोल फिरवायचा. काच, काटा, तारेचा तुकडा, काहीही अडकलेलं असू शकतं. हे केल्याशिवाय भाऊजी ट्यूबला हात लावत नसत. त्यांची बोटं बाजारात प्रसिद्ध होती. डोळे मिटून ट्यूब चिमटीत धरायचे आणि अस्सल रबर की बुटाइल नावाचं कृत्रिम रबर ते सांगायचे. अस्सल रबर मऊ, खिळा लागला तरी पटकन फाटत नाही, पण हवा हळूहळू सोडतं. बुटाइल हवा धरून ठेवतं, पण ठिगळ धरताना नखरे करतं. लोक म्हणायचे, याच्या बोटांना डोळे आहेत. मी म्हणायचे, तोंडालाही थोडे असते तर बरं झालं असतं.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींनी नवीन खूळ काढलं. ट्यूब बोटांनी चाचपायच्या ऐवजी ते गालाला लावायला लागले. गालावरून हळूच फिरवायची, मग ओठांवरून, मग निकाल. मला हसू आवरेना. मी ताईला म्हटलं, नवऱ्याकडे जरा लक्ष दे, ट्यूबांवर जीव जडलाय. गिऱ्हाइकांना मात्र वाटलं की ही कलेची वरची पायरी. बोटांनी काय कुणीही ओळखेल. समोरच्या चकचकीत टायरच्या दुकानाचा मालकसुद्धा गिऱ्हाइकासमोर ट्यूब गालाला लावायला लागला. त्याला छातीपर्यंत दाढी आहे. त्याला नेमकं काय कळत होतं ते मी विचारलं नाही.

त्याच सुमारास भाऊजी माझ्याकडे चिंध्या मागायला लागले. कुठल्याही नाही, बारीक जाळीदार नायलॉनच्याच. चिंधी मुठीत गुंडाळून ते टायरच्या आतून फिरवायचे. हेही खूळच, असं मी धरून चालले.

मग एका दुपारी माझी सुई हरवली. शिवणाऱ्या बाईची सुई हरवली की तिचं घर हरवतं. मी मशीनखाली पाहिलं, झाडून पाहिलं, आणि शेवटी भाऊजींना विचारायला पार्टिशनवरून वाकले. ते चहा पीत होते. दुसरा हात त्यांनी पार्टिशनवर ठेवलेल्या माझ्या कापडांच्या गठ्ठ्यावर टेकवला होता, आणि सुई त्यांच्या अंगठ्याखालच्या मांसात अर्धी गेलेली होती. मी म्हटलं, "भाऊजी, सुई." त्यांनी खाली पाहिलं. दुसऱ्या कुणाचा तरी हात आपल्या अंगाला लागलेला असावा, तसं पाहिलं. मग कप खाली ठेवला, सुई उपसली, पुसली आणि मला परत दिली.

त्या दिवशी मला सगळं कळलं. साखरेमुळे पायांची जाणीव आधी गेली होती, हातांची नंतर. डॉक्टरांनी घरी सांगा म्हटलं होतं, आणि यांनी सांगितलं नव्हतं. ताई वर्षानुवर्षं म्हणत होती की आता पुरे, शटर ओढा, माणसासारखे घरी बसा. तिला फक्त कारण हवं होतं, आणि हे कारण मिळालं असतं तर तिने त्याच संध्याकाळी कुलूप आणलं असतं. गाळा बंद झाला तर भाऊजींकडे दुसरं काहीही नव्हतं. वाचन नाही, मित्र नाहीत, भांडायला गिऱ्हाईकही नाही. "ताईला सांगू नकोस," एवढंच ते म्हणाले.

मी सांगितलं नाही. मी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, आणि आयुष्यात एकच गोष्ट पोटात ठेवली, ती नेमकी ही. रोज चिंध्या कापून देत होते. चिंधी अडकली की आत काहीतरी आहे, नाही अडकली की साफ. चालत होतं. रात्री अंथरुणावर मात्र मनात यायचं की एखाद्या दिवशी चिंधीला जे कळलं नाही ते रस्त्यावर कुणाला तरी कळेल, तेव्हा माझं तोंड कुठे असेल?

अशात जुन्या मोटारसायकलवाल्यांच्या मंडळाचे अध्यक्ष आले. हे गृहस्थ सावलीतही गॉगल काढत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना गॉगलसाहेब म्हणतो. मंडळाचं संमेलन होतं. त्यात जुन्या कारागिराचं प्रात्यक्षिक ठेवायचं होतं. भाऊजींनी डोळ्यांवर पट्टी बांधून ट्यूबा ओळखायच्या आणि एक चाक तयार करून दाखवायचं. कार्यक्रमाचं नावसुद्धा ठरलं होतं, "बोटांचे डोळे". मी सुईत दोरा ओवत होते, तो चारदा चुकला.

नाही म्हणायला कारण लागतं, आणि कारण एकच होतं. भाऊजी हो म्हणाले.

साहेब गेल्यावर मी म्हटलं, ताप आला म्हणून सांगा, पोट बिघडलं म्हणून सांगा. ते ट्यूबांची घडी घालत राहिले. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा बोलावलंय गं." मी म्हटलं, निदान पट्टी तरी मी शिवते, आरपार दिसेल अशा कापडाची. याचा त्यांना इतका राग आला की दोन दिवस त्यांनी माझ्याकडून चिंधी घेतली नाही.

पट्टी साहेबांनीच आणली. काळी, जाड, वर मंडळाचं चिन्ह भरतकामात. टाके वाईट होते.

शाळेचं सभागृह भरलं होतं. ताई पहिल्या रांगेत, ठेवणीतली साडी नेसून. बाहेर ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांपेक्षा तिचाच चेहरा जास्त चकाकत होता. इतकी वर्षं ज्या दुकानाला तिने नावं ठेवली, त्या दुकानासाठी लोक खुर्च्या धरून बसले होते. मी मुद्दाम मंचाच्या पायरीशी बसले.

पाच ट्यूबा ठेवल्या होत्या. भाऊजींनी पहिली उचलली आणि गालाला लावली. अस्सल रबर, ते म्हणाले. दुसरी, बुटाइल. तिसरी ओठांवरून फिरवली आणि म्हणाले, हिला एकदा ठिगळ लावून ते घासून काढलेलं आहे, ही नवी म्हणून कुणी विकली? मागच्या रांगेत समोरचा दाढीवाला होता, तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. पाचही बरोबर. टाळ्या. मलाही वाटलं, निभावलं. मी स्वतःसुद्धा टाळ्या वाजवत होते.

मग चाक आलं. टायर रिंगवरून उतरवून ठेवलेलाच होता, आतून पांढरी पूड मारलेला. भाऊजींनी हात पुढे केला आणि कापड मागितलं. मी चिंधी घेऊन उठले. गॉगलसाहेबांनी माईकवरून मला हसत हसत थांबवलं. कापड कशाला, म्हणाले, आज आम्ही बोटं बघायला आलोय. लोक हसले. भाऊजी क्षणभर तसेच थांबले. पट्टीमुळे त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण मान माझ्या दिशेला वळली होती. मग त्यांनी हात टायरमध्ये घातला.

हात सावकाश, पूर्ण गोल फिरला. व्यवस्थित, नेहमीसारखा. तो बाहेर आला तेव्हा पांढऱ्या पुडीवर तीन बोटांतून लाल धारा वाहत होत्या. थेंब टेबलावर पडत होते.

"साफ आहे," भाऊजी म्हणाले.

पहिल्या रांगेत ताई उठून उभी राहिली. आणि गॉगलसाहेब माईकमध्ये ओरडले, "बघा! रक्त आलं तरी चेहऱ्यावर रेष नाही! याला म्हणतात जुनी माणसं!" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. भाऊजींना वाटलं, टाळ्या आपल्या निर्णयाला आहेत. पट्टीखाली ते हसले. ते हसू मला अजून दिसतं, आणि दिसलं की सगळ्या सभागृहाच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. माझ्याही.

मीच वर गेले आणि पट्टी सोडली. त्यांनी हात पाहिला. मग टायर पाहिला. मग साहेबांच्या हातून माईक घेतला. आयुष्यात ते एवढ्या लोकांसमोर कधी बोलले नव्हते.

"मला बोटांनी कळत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. आत तार आहे आणि मी साफ म्हणालो. हे चाक कुणी गाडीला चढवू नका."

आता तरी लोकांना कळावं की नाही? पण सत्य सांगणाऱ्याचं नशीब फुटकं असतं. साहेबांनी त्यांना मिठी मारली आणि म्हणाले, किती हा विनय! टाळ्या मघापेक्षा जास्त. शाल आली, नारळ आला. मंचावरून उतरेपर्यंत सहा जणांनी आपापली चाकं आमच्या गळ्यात मारली. त्यातला एक तर म्हणाला की रक्त सांडून काम करणारा माणूस शोधूनही सापडत नाही.

ताईला मात्र विनय वगैरे काही वाटलं नाही. घरी येताच तिने त्यांचा हात धुतला, औषध लावलं, पट्ट्या बांधल्या, प्रत्येक बोट वेगळं. बांधताना तिने एकदा मुद्दाम जोरात दाबलं आणि भाऊजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. मग ती माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं." मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. त्यांच्याशी ती जे बोलली ते सगळ्या जिन्याने ऐकलं. सार एवढंच की लोकांची चाकं परत करा, आणि शुक्रवारी कुलूप.

भाऊजींनी वाद घातला नाही, त्याचीच मला भीती वाटली. शुक्रवारी गाळ्यात सात चाकं होती, मंचावरचं धरून. सहा तशीच परत द्यायची होती. पण मंचावरचा टायर ते पुन्हा पुन्हा तपासत होते. आत तार ठेवून तो परत देणं त्यांना जमेना. चिंधी फिरवली, अडकली नाही. उलट्या बाजूने फिरवली, तरी नाही. बॅटरी लावून पाहिलं. तार अंगासरशी आडवी बसली असणार, हात घासला तरच लागेल अशी. "मला चावली म्हणजे आहे," ते स्वतःशीच म्हणत होते. ताई कुलूप घेऊन आली आणि दारातल्या स्टुलावर बसली. घाई करा म्हणाली नाही, एवढंच.

शेवटी भाऊजींनी टायर पार्टिशनवर ठेवला. "जरा हात घालून बघ," ते मला म्हणाले. दोघंही माझ्याकडे पाहायचं टाळत होते.

मी बोटावरचं अंगुस्तान काढलं आणि हात आत घातला. पूड, रबराची शिवण, पुन्हा पूड. अर्ध्याहून पुढे गेले आणि मधलं बोट चटकन मागे आलं. चिमट्याने उपटली तर तांदळाच्या दाण्याएवढी तार, केसासारखी बारीक.

भाऊजींनी ती मागून घेतली. डाव्या हाताच्या तर्जनीवर, जिथे पट्टी नव्हती, तिथे ती उभी धरून दाबली. कातडीला खळगा पडला. ते वाट बघत राहिले. मग त्यांनी तार माझ्या हातावर ठेवली.

"कसं लागतं ते सांग," ते म्हणाले.

मी तार बोटात टोचून घेतली. "आधी गार लागतं," मी म्हटलं. "मग बारीक टोचतं. मग ती जागा गरम होते."

"किती वेळ?"

"अजून आहे."

ताई स्टुलावर बसून ऐकत होती. कुलूप तिच्या मांडीवर होतं आणि दोन्ही हात त्याच्यावर. तिने नाक पुसलं आणि पाच दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "किती राहिलीत?"

"सहा," मी म्हटलं.

"मलाही असंच लागायचं," भाऊजी म्हणाले, आणि त्यांनी पुढचं चाक माझ्याकडे सरकवलं.